दोन्ही लाइनी एंगेज

कळवा
९ नोव्हेंबर १९९८

साडूभाऊ तानाजीराव यांस,

धोंडीबाचा नमस्कार. कलावती गिरणीत दळण आणायला गेली आहे, तिचाही समजावा.

कळव्याहून डोंबिवली ती किती लांब, आणि तरी पोस्टात पत्र टाकावं लागतं आहे. गुडघ्यामुळे स्टेशनचा जिना चढवत नाही, हे तुम्हांला माहीत आहे. म्हणून नाक्यावरच्या बूथवरून फोन लावला. पहिला नंबर एंगेज. दुसरा लावला, तोही एंगेज. सकाळी लावला, दुपारी लावला, दुसऱ्या दिवशी परत लावला. बूथवाला म्हणाला, "आजोबा, रिसिव्हर काढून ठेवला असेल त्यांनी." मी त्याला म्हटलं, आमचे साडू तसे नाहीत. पण घरी येईपर्यंत मनात तेच घोळत राहिलं. एक फोन लागत नाही म्हणून माणूस दुसरा घेतो. तुमचे दोन्ही लागत नाहीत.

आमचा जगन दिवाळीनंतर दोन दिवसांसाठी म्हणून तुमच्याकडे गेला तो आता फक्त रविवारी कपडे बदलायला येतो. तुमच्या आनंदबरोबर काहीतरी काम सुरू केलंय म्हणे. मी विचारलं काय काम, तर म्हणतो अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलतात, ते बोलणं इंटरनेटवरून इकडे येतं, आम्ही ऐकून टाइप करतो आणि परत पाठवतो. मी म्हटलं, टायपिंगला एक टेबल पुरतं, दोन टेलिफोन कशाला? तर हसला. आईला सांगत होता, "मावशीकडे दोन मोडेम आहेत गं, ठाण्यात कुणाकडे नसतील." मावशीकडे हे आहे, मावशीकडे ते आहे, हेच ऐकतोय तेव्हापासून. जेवताना म्हणाला, मावशीची आमटी पातळ असते, छान लागते. कलावतीने त्याच्या पुढचं आमटीचं पातेलं उचलून आत नेलं.

हे मोडेम काय प्रकरण आहे आणि ते दोन कशाला लागतात, हे सवडीने कळवावं. सहज विचारतो. मी आयुष्यभर वागळे इस्टेटला प्रेस मशीनवर काम केलं, मला यंत्राची आवड आहे, बाकी काही नाही.

काही निरोप असला तर आमच्या शेजारच्या गंगुबाईच्या नंबरवर द्यावा. तिला नाव सांगितलं की ती हाक मारते. मूड असला तर.

आपला
धोंडीबा


डोंबिवली (पूर्व)
१६ नोव्हेंबर १९९८

प्रिय धोंडीबाराव,

पत्र मिळालं. रिसिव्हर काढून ठेवलेला नाही हो! इंटरनेट चालू असलं की टेलिफोन एंगेज लागतो. दोन मोडेम चालू असले की दोन्ही एंगेज. पोरं दुपारी एकच्या सुमाराला जेवतात तेव्हा लावत जा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मोडेम म्हणजे पुस्तकाएवढी डबी. एक तार टेलिफोनला, एक कॉम्प्युटरला. सोपं करून सांगायचं तर मोडेम हा नळ समजा आणि कॉम्प्युटर हे पिंप. एका नळाखाली पिंप भरायला अख्खी सकाळ जाते. दोन नळ सोडले तर निम्म्या वेळात भरतं. डॉक्टरांच्या बोलण्याच्या फाइली फार जड असतात, एका मोडेमने यायला उशीर होतो आणि उशीर झाला की तिकडचे लोक काम दुसऱ्याला देतात. आनंदने माझ्या नावावरची लाइन आणि त्याच्या नावावरची लाइन अशा दोन्ही एकत्र केल्या. आमच्या सोसायटीत बघायला माणसं येऊन गेली. सेक्रेटरी तर चप्पल काढून आत आले.

जगन गुणी आहे. त्याचा इंग्रजी ऐकण्याचा कान तयार झालाय, आनंदपेक्षा चुका कमी असतात. सकाळी लवकर काम असतं म्हणून त्याला इथेच खोली दिली आहे, आणि घराची एक किल्लीही करून दिली आहे. आपलंच लेकरू आहे. काळजी नसावी.

आनंदचा व्हिसा झाला आहे. महिनाअखेर निघेल. कामाच्या गडबडीत मला फारसं सुचत नाही.

कलावतीला सांगा, आमटीची कृती विचारली तर देईन, असं आमची गोदू म्हणते.

आपला
तानाजी


कळवा
३ डिसेंबर १९९८

साडूभाऊ यांस,

आमटीचा मजकूर मी कलावतीला वाचून दाखवला नाही. आपल्या दोघांच्या भल्यासाठी.

किल्ली केलीत हे वाचलं. माझ्या पोराच्या खिशात माझ्या घराची किल्ली नाही, कारण आमच्या घराला कुलूप लावायची वेळच येत नाही, कुणीतरी असतंच. आता तो दुसऱ्याच्या घराची किल्ली खिशात वाजवत फिरतो. रविवारी आला तेव्हा दारात चपला काढताना त्याने खिशात हात घातला. सवयीने. मी बघितलं. त्यानेही बघितलं की मी बघितलं.

तुम्ही म्हणाल म्हातारा कुढतोय. कुढतोच आहे. तुम्ही हापिसात होतात, तुम्हांला पंखा होता. मी मशीनवर होतो. तुम्हांला ब्लॉक मिळाला, मला चाळीतल्या दोन खोल्या. त्याबद्दल मी कधी बोललो का? पण पोरगा मला एकच आहे.

तर कळवायचं असं की आमचा टेलिफोन आला. नऊ वर्षांमागे अर्ज केला होता, मी विसरूनही गेलो होतो. मंगळवारी लाइनमन येऊन लाल रंगाचा फोन बसवून गेला. चाळीत पेढे वाटले. गंगुबाई पेढा तोंडात टाकून म्हणाली, "बरा झाला बाबा. आता तुजे निरोप सांगून माजा गला सुजनार नाय." नंबर खाली लिहिला आहे. आनंद एव्हाना तिकडे पोचला असेल, त्यालाही कळवावा. मावशीला फोन करायचा झाला तर आता गंगुबाईच्या पाया पडायला नको.

आणखी एक. आमच्या जुन्या कंपनीत ऑफिसातले जुने कॉम्प्युटर काढून टाकतायत. स्टोअरमधला कान्हा माझ्या हाताखाली तयार झालेला आहे. त्याने एक कॉम्प्युटर आणि दोन मोडेम माझ्यासाठी बाजूला ठेवलेत. होय, दोन. पुढचं तुम्ही समजून घ्या. जगनला एवढ्यात बोलू नये.

धोंडीबा


डोंबिवली (पूर्व)
११ डिसेंबर १९९८

प्रिय धोंडीबाराव,

टेलिफोनबद्दल अभिनंदन. आनंदला नंबर दिला आहे. तो ३० तारखेला पहाटे गेला. न्यू जर्सी म्हणून गाव आहे. विमानतळावर जगनच आमच्याबरोबर होता. गोदूला त्यानेच धरून आणलं.

कॉम्प्युटरचं वाचून आनंद झाला, पण वडीलकीच्या नात्याने दोन शब्द लिहितो, राग मानू नये. तुमच्याकडे दोन खोल्या. कॉम्प्युटरच्या टेबलाला केवढी जागा लागते याची तुम्हांला कल्पना नाही. कळव्याला वीज जाते. खाडीची हवा दमट, त्याने आतले पार्ट गंजतात असं आनंद म्हणायचा. चाळीत दिवसभर आवाज. डॉक्टर काय बोलतोय ते ऐकू यायला नको का? एका शब्दाची चूक झाली तर तिकडे पेशंटला भलतंच औषध जाईल. शिवाय जुने मोडेम भरवशाचे नसतात. घाई करू नये. जगनची घडी आता कुठे बसते आहे.

आम्ही मजेत आहोत. दोन्ही मोडेम उत्तम चालू आहेत. आनंदच्या ईमेल येतात, जगन वाचून दाखवतो.

गोदूचा कलावतीला आशीर्वाद.

तानाजी


कळवा
२४ जानेवारी १९९९

साडूभाऊ यांस,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी महिनाभर उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. खाडीच्या हवेने पार्ट गंजतात! मी या हवेत पस्तीस वर्षं काढली, मी गंजलो का?

आता ऐका. कान्हाने टेम्पोतून सगळं आणून दिलं. टेबलाला जागा नव्हती म्हणून कलावतीची शिलाई मशीन पलंगाखाली गेली. तिने एवढंच म्हटलं, "ह्या घरात आता मी कुठे जाऊ तेवढं सांगा." मग मी जोडणीला बसलो. तुम्ही लिहिलं होतं, दोन नळ आणि एक पिंप. आमच्या चाळीच्या मोरीत मी रोज बघतो, एका पाइपला दोन नळ असतात. तसंच केलं. पॅरलल फोनला टाकतात तशी तार फोडून एकाच लाइनवर दोन्ही मोडेम जोडले. जगन रविवारी आला. मी काही न बोलता बटण दाबलं. आधी दोन्ही डब्या कोंबड्या मानेला धरल्यासारख्या ओरडल्या. लाल दिवे लागले, विझले, परत लागले. कलावती म्हणाली, "अहो, बंद करा, आत काहीतरी मरतंय."

जगन तार बघत राहिला आणि मग जमिनीवर बसून हसला. म्हणाला, "बाबा, दोन मोडेमला दोन लाइनी लागतात. एका लाइनवर दोघं बोलायला लागले तर कुणाचंच कळत नाही." मी म्हटलं, तुझ्या काकांनी नळ लिहिले, पाइप किती ते लिहिलं नाही. अर्धवट माहिती देऊन माणसाचा पोपट करायचा. पण खरं सांगतो, त्या हसण्यावर मला राग आला नाही. बरेच दिवसांनी तो आमच्या घरात हसला.

मग म्हणाला, "दुसरी लाइन असती तर इथूनच केलं असतं हो."

एवढं पुरे होतं. मी तसाच उठून गंगुबाईच्या दारात गेलो. तिचा चंदू मस्कतला असतो, त्याच्यासाठी तिने फोन घेतला आहे. म्हटलं, सकाळी तुमची लाइन द्या, गॅलरीतून तार ओढतो. ती कोलंबी सोलत होती. म्हणाली, "मना तुजा मोडेम का काय ते समजत नाय. माजा चंदू शुक्रवारी फोन करतो. त्या दिशी तुजी शिट्टी वाजली ना, तर तार आनि तू, दोघांना खाडीत टाकीन." म्हणजे शुक्रवार सोडून बाकी दिवस तिची हरकत नाही. तार ओढली. दोन पाइप, दोन नळ. लागलं! जगन म्हणाला, १ फेब्रुवारीपासून तो इथेच काम करेल. तुम्हांला तो बोलला असेलच. नसेल तर मी कळवतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ही मी मुद्दाम शेवटी ठेवली. काल शनिवारी सकाळी आमचा फोन वाजला. आनंद! न्यू जर्सीहून. मला म्हणाला, "काका, घरचे दोन्ही फोन एंगेज. दर शनिवारी लावतो, दर शनिवारी तेच. इकडे आल्यापासून आईचा आवाजच ऐकला नाही." पाचेक मिनिटं बोलला. तिकडे बर्फ आहे. भात स्वतः करतो. मावशीशीही बोलला, ती रडली. म्हणाला, "आता तुमचाच नंबर डायरीत आईच्या नावापुढे लिहून ठेवतो, पीपी म्हणून."

वाचलंत का? पंचवीस वर्षं गंगुबाईसारख्यांच्या दारात मी पीपी होतो, शेजारच्या फोनवर निरोप घेणारा. लग्नपत्रिकेवरसुद्धा दुसऱ्याचा नंबर. आता अमेरिकेत तुमच्या नावापुढे माझा नंबर लिहिलेला आहे. दोन लाइनी असून स्वतःच्या मुलाचा फोन घेता येत नाही, मग त्या काय लोणच्यात घालायच्या? एक लाइन मोकळी ठेवायला जगनला सांगता येत नव्हतं? बरं, आता प्रश्नच मिटला. जगन इकडे आला की तुमच्या दोन्ही मोकळ्याच.

धोंडीबा


डोंबिवली (पूर्व)
३० जानेवारी १९९९

धोंडीबाराव,

जगनने सांगितलं. सोमवारी येईल तो. त्याचे कपडे गोदूने इस्त्री करून ठेवलेत.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर द्यायचं नाही असं दोन दिवस ठरवलं होतं. तरी देतो. तिकडची संध्याकाळ ती आपली सकाळ. डॉक्टरांच्या फाइली तेव्हाच येतात आणि आनंदला ऑफिसातून सुटून फोन करायला तेव्हाच वेळ होतो. जगनला सांगितलं असतं तर त्याने एक मोडेम काढला असता. काम निम्म्यावर आलं असतं, आणि मग इथे राहायचं त्याला कारण उरलं नसतं. म्हणून नाही सांगितलं. आनंदलाही पत्राने कळवलं, जगनला यातलं काही लिहू नकोस, तुझं तू ईमेल करत जा. गोदूला मी खोटंच सांगितलं की अमेरिकेतून लाइन मिळणं कठीण असतं.

आनंदचा फोन आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं. जगन रोज ताटावर बसतो. एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात हे घालून मी बघितलं. तुम्हांला बाप म्हणून हे कसं वाटेल ठाऊक नाही. मलाही बरं वाटत नाही.

तो बोलत नाही फारसा. कानाला ते लावलेलं असतं, पाठ आमच्याकडे. पण सकाळी दोन्ही मोडेम लागले की ओरडतो, "काका, लागलं!" तेवढ्यासाठी मी लवकर उठून चहा घेऊन मागे उभा राहायचो. खाडीच्या हवेचं मी लिहिलं ते खोटं होतं. आनंद तसं काही म्हणत नसे.

मला तुमचा हेवा वाटतो, धोंडीबाराव. तुमचा मुलगा रुसला तरी डोंबिवलीपर्यंतच जातो. तुम्ही दोन खोल्यांत, त्या गुडघ्याने, गॅलरीतून तार ओढून त्याला घरी आणलंत. माझ्याकडे सगळं आयतं होतं आणि मला माझा ठेवता आला नाही.

जगनला यातलं सांगू नये.

तानाजी


कळवा
७ फेब्रुवारी १९९९

साडूभाऊ तानाजीराव यांस,

तुमचं पत्र बुधवारी आलं. मी ते तीनदा वाचलं. कलावती म्हणाली, "काय लॉटरी लागली का, परत परत बघताय?" मी पत्र सदऱ्याच्या खिशात घातलं. संध्याकाळी खाडीवरच्या पुलाकडे फेरी मारायला गेलो आणि तिथे काढून तेवढी एक ओळ परत वाचली. हेव्याची.

खोटं कशाला बोलू, मला ती गोड लागली. जन्मात माझा कुणी हेवा केलेला नाही. कंपनीत बढतीच्या यादीत मीच दुसऱ्यांच्या नावाकडे बघत आलो, घरी तुमच्या ब्लॉककडे. तुम्ही, पंख्याखालचे, माझा हेवा करता! दोन दिवस मी चाळीत ताठ चाललो. गंगुबाईने विचारलंसुद्धा, "गुडघा बरा झाला का रं?"

जगन सोमवारपासून इथे काम करत होता. दोन्ही लाइनी चालू. मी त्याच्या मागे स्टुलावर बसायचो. पाठच दिसायची. सकाळी मोडेम लागले की तो इथेही ओरडायचा. "काका, लागलं!" ओरडायचा आणि मग जीभ चावायचा. सवय. पहिल्या दिवशी मला ते झोंबलं. म्हटलं जाईल हळूहळू.

काल शनिवार. सकाळी दोन्ही डब्यांचे लाल दिवे फडफडत होते आणि मला माहीत होतं की आत्ता आनंद फोन लावत असेल. तुमच्याकडे दोन्ही लाइनी मोकळ्या, तिकडे लावेल, असं मनाशी म्हटलं. पण डायरीत तर त्याने माझा नंबर लिहिलाय. आधी इथेच लावणार आणि एंगेज ऐकून म्हणणार, काकांकडेही तेच. मी चहा थंड होईपर्यंत बसून राहिलो. मनात एकीकडे वाटत होतं, लागू दे एंगेज, त्यांनी चालवून घेतलं तसं मीही घेतो. माझा पोरगा माझ्या घरात आहे, मला काय करायचंय? आणि मग काय झालं मलाच कळलं नाही, मी उठून आमच्या फोनची तार मोडेममधून उपटली आणि फोनला लावली.

जगन ओरडला, "बाबा, एक लाइन गेली! काय केलंत?"

मी म्हटलं, "गप बस जरा."

दहा-पंधरा मिनिटं तो चरफडत होता. म्हणत होता, फाइल अर्ध्यावर आहे, तिकडे लोक थांबलेत, तुम्हांला यातलं काही कळत नाही आणि हात घालता. मी ऐकून घेतलं. मग फोन वाजला. आनंदच. मी त्याच्याशी चार शब्द बोललो आणि रिसिव्हर जगनच्या कानाला लावला. काय बोलले ते मला एका बाजूचंच ऐकू आलं. जगन आधी हसत होता. मग म्हणाला, "कधीपासून?" फोन ठेवून म्हणाला, "बाबा, मी तिकडे असताना आनंदचा एकही फोन लागला नाही. काकांनी मला सांगितलं का नाही?"

म्हणजे तुमचं गुपित मी फोडलं नाही. तुमच्याच मुलाने फोडलं.

मी त्याला म्हटलं, उद्या कपडे भर आणि सोमवारपासून मावशीकडे जा. तो म्हणाला, "मग एवढं सगळं कशाला जोडलंत? आईची मशीनसुद्धा पलंगाखाली घातलीत." मी म्हटलं, जोडता येतं का ते बघायचं होतं. आलं.

कलावती आतून म्हणाली, "ह्यांना आज पहिल्यांदा शहाणपण सुचलंय, मध्ये बोलू नको." शिलाई मशीन तिने तेवढ्यात बाहेर ओढलीसुद्धा.

तर जगन उद्या तुमच्याकडे येतो. सोमवार ते शनिवार तुमच्याकडे, तुमच्याच दोन्ही मोडेमवर. पण माझं मन तुम्हांला माहीत आहे, ते एवढ्याने स्वस्थ बसत नाही, म्हणून काही गोष्टी आधीच लिहून ठेवतो. शनिवारी काम संपलं की त्याने थेट घरी यायचं, सोमवारपर्यंत तो माझा. रविवारी गंगुबाईकडची ताजी मच्छी त्याला इथे मिळते, तर तुम्ही शनिवारी तिकडे मच्छी करून त्याची भूक मारायची नाही. आणि गोदूबाईंच्या आमटीचं कौतुक त्याने इथे येऊन करू नये, तेवढी समज तुम्ही द्या, मी दिली तर वेगळं दिसेल.

आनंदला मी कालच सांगितलं, शनिवारचा फोन इथेच कर. तेव्हा दर शनिवारी सकाळी तुम्ही दोघं कळव्याला यायचं. नाश्ता इथेच. माझी लाइन मोकळी असेल, तिच्यावर आता एकही डबी लागणार नाही. गोदूबाई हवं तेवढं बोलोत, दारात कुणी उभं राहणार नाही की हाक मारायला कुणी पाठवावं लागणार नाही. तुम्हांलाही वेळ मिळेल.

फक्त फोन वाजला की कुणी पुढे धावायचं नाही. उचलणार मी. आनंदला आधी मी विचारणार की काय रे, जेवलास का, बर्फ किती आहे. मग तुम्ही.

फोन माझा आहे.

आपला
धोंडीबा